दोन जुने रस्ते

आमचे घर हिंडलग्यास, वेंगुर्ला रस्त्याच्या अगदी काठावर आहे. पडवीच्या पायरीवर बसले की बेळगावाहून शिनोळीकडे जाणारी प्रत्येक गाडी डोळ्यांसमोरून जाते. जगातील सर्व रस्ते शेवटी वेंगुर्ल्याच्या समुद्रात उतरतात अशी लहानपणी आमची प्रामाणिक समजूत होती. वकिली सुरू केल्यावर इतर अनेक समजुतींबरोबर तीही गेली. परंतु पुरती गेली नव्हती, हे दोन वर्षांपूर्वी अमेरिकेत ध्यानात आले.

आमचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, गेली तीस वर्षे शिकागोजवळ राहतात. त्यांच्या भेटीस गेलो ते स्नेहाने हे खरेच. पण बॅगेत एक कागद होता. वडिलांच्या पश्चात घर उभयतांच्या नावे झाले. कौले दर पावसाळ्यात फुटतात, मागच्या भिंतीने ओल धरली आहे, आणि एका बांधकामवाल्याने त्या जागी चार मजले उठवण्याची तयारी दाखवली होती. अण्णांनी शिकागोच्या आपल्या वाणिज्य दूतावासात मुखत्यारपत्रावर सही केली की पुढचे सारे आम्ही पाहणार होतो. अण्णांनी कागद वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाले, "आधी सहासष्ट नंबरच्या रस्त्याने फिरून येऊ. मग बघू." थोरल्या भावाचे 'मग बघू' म्हणजे न्यायाधीशाने दिलेली पुढची तारीख, हरकत कोणापुढे घ्यावी?

हा रस्ता १९२६ साली ठरला. शिकागोपासून पॅसिफिक किनाऱ्यावरील सांता मोनिकापर्यंत, आठ राज्यांतून, सुमारे ३,९०० किलोमीटर. त्यांपैकी कॅन्ससच्या वाट्यास जेमतेम २१ किलोमीटर येतात, तरी त्या राज्याचा अभिमान काही कमी नाही! १९३० नंतरच्या दशकात दुष्काळाने आणि धुळीच्या वादळांनी उठवलेली शेतकरी कुटुंबे मोडक्या मोटारींवर गाद्या-भांडी बांधून याच वाटेने कॅलिफोर्नियात गेली. पुढे त्याच्या शेजारून रुंद, सरळ महामार्ग आले. एकेक गाव बाजूला पडत गेले आणि १९८५ साली सरकारी यादीतून या रस्त्याचा नंबरच काढून टाकण्यात आला. आज लोक त्यावरून जातात ते मुद्दाम, त्याचा जुनेपणा पाहायला.

हे ऐकताना आम्हांला आमचा रस्ता आठवल्यावाचून राहिला नाही. देशावरचा माल वेंगुर्ला बंदरात उतरायचा तो पूर्वी रामघाटाने बैलांच्या पाठीवरून, नंतर आंबोलीच्या घाटातून गाड्यांनी. मीठ, नारळ, सुपारी आणि बेळगावच्या छावणीचे सामान याच वाटेने वर चढे. १८८८ च्या सुमारास मुरगाव बंदरापर्यंत आगगाडी पोहोचली आणि वेंगुर्ल्याचा व्यापार ओसरला. आमच्या पणजोबांची गाडीबैलांची उतारपेठ हिंडलग्यास होती असे घरात सांगत. आम्ही पाहिली ती तिची दगडी डोण, तुळशीपाशी, कपडे भिजवण्याच्या कामी आलेली.

ओक्लाहोमात माती तांबडी लागली. चंदगडकडची आठवण दोघांनाही झाली, बोललो मात्र कोणीच नाही. टेक्सासमध्ये दिवसभर आकाशच आकाश. अण्णा बंद पडलेल्या पेट्रोल पंपापाशी, गंजलेल्या पाटीपाशी गाडी थांबवीत आणि हरखून छायाचित्रे काढीत. न्यू मेक्सिकोत एका गुजराती कुटुंबाच्या मोटेलात उतरलो होतो. खोलीची किल्ली घेताना उदबत्तीचा वास आला आणि आमचा संयम का कोण जाणे सुटला.

"अण्णा, गंज छायाचित्रात सुंदर दिसतो. ते छप्पर ज्याच्या डोक्यावर गळते त्याला विचारा."

अण्णा म्हणाले, "तू गळणाऱ्या छपराखाली राहिलास, मी राहिलो नाही. तुझे म्हणणे मला मान्य आहे. पण मग मला त्यात बोलण्याचा हक्कच नाही का?"

कायद्याने अर्धा हक्क होता. तसे उत्तर जिभेवर आलेही होते. दिले नाही, हे आमच्या व्यवसायाच्या मानाने पुष्कळच म्हणावे लागेल.

ॲरिझोनातील सेलिग्मन हे गाव १९७८ साली महामार्गाने बाजूला टाकले. गावचे न्हावी एंजल देलगादिलो यांनी शेजाऱ्यांना गोळा करून संघटना उभी केली, राज्य सरकारचा पिच्छा पुरवला आणि १९८७ साली तेथील जुन्या रस्त्यास ऐतिहासिक मार्गाची मान्यता मिळवली. आम्हांला हा गृहस्थ फार आवडला. त्याला रस्ता निव्वळ देखणा राहायला नको होता, दुकानांत गिऱ्हाईक यायला हवे होते.

सेलिग्मनच्या पुढे, ओटमन गावाच्या अलीकडे, एक घाट आहे. वळणे आंबोलीसारखीच, एका अंगाला दरी. पण झाड नाही, पाण्याचा थेंब नाही. खाणकामगारांनी मागे सोडलेल्या गाढवांचे वंशज खालच्या गावात रस्त्यावर हिंडतात. आंबोलीच्या घाटात एस.टी. शिरली की आमच्या आई पदर तोंडाशी धरून डोळे मिटून घेत. धुक्यात काचांवरून पाणी वाहत असे, धबधब्याचा आवाज येई, आणि दर वळणाला त्या विचारीत, "खंय पावलों रे?" वडील उत्तर देत नसत. उत्तर देण्याचे काम अण्णांचे. घाट उतरला नसला तरी ते सांगत, "दाणोली."

ओटमनच्या एका अवघड वळणावर अण्णांनी चाकावरची नजर न काढता विचारले, "खंय पावलों रे?"

आम्ही म्हणालो, "दाणोली."

पुढची तीन-चार वळणे अण्णांनी अतिशय सावकाश घेतली.

सांता मोनिकाच्या धक्क्यावर रस्ता संपल्याची पाटी आहे. तिथे लोकांची रांग असते. आम्हीही उभे राहिलो. अण्णांना एकाएकी आरवलीच्या वेतोबाची आठवण झाली. देव रात्री गावाभोवती फिरतो, त्याच्या चपला झिजतात, म्हणून भक्त मोठमोठ्या चपलांचे जोड वाहतात, हे या पानांच्या वाचकांना सांगायला नकोच. वडील दरसाल जोड नेत. "तू नेतोस का?" अण्णांनी विचारले. गेली सहा वर्षे नेला नव्हता. घरापासून तीन तासांची वाट, आणि आम्ही सांगितली ती कारणे पुरावा म्हणून कुठल्याही न्यायालयात टिकली नसती.

शिकागोस परतल्यावर त्यांनी सही केली. अट एकच घातली: नव्या इमारतीत खाली रस्त्याकडे तोंड करून पडवी असावी, पायरी तीच बसवावी, आणि तिथे दुकानाचा गाळा काढू नये. विमानात बसून आम्ही मसुद्यात ते कलम घातले. त्याची भाषा जमायला बराच वेळ लागला, कारण 'पडवी'ची कायदेशीर व्याख्या आम्हांला कुठे मिळेना.

बांधकामवाल्याने त्या कलमास अजून होकार दिलेला नाही. रस्त्याकडचा गाळा सोडणे त्याला परवडत नाही असे तो म्हणतो, आणि त्याचा हिशेब चुकीचा नाही. गेल्या चैत्रात आम्ही आरवलीस जोड वाहून आलो. परत आलो तेव्हा वळीव पडून गेला होता, म्हणून दुसऱ्या दिवशी शंभर कौले आणवली.