पिठी

आई अमेरिकेत आली ती कुळथाचं पीठ घेऊन. दोन किलो. विमानतळावर विचारलंच तर काय सांगायचं, हे तिनं रत्नागिरीहूनच पाठ करून ठेवलं होतं. कुणी विचारलं नाही याचं तिला थोडं वाईटच वाटलं. तिसऱ्या दिवशी ती पहिल्यांदा तळघरात उतरली. प्रवाळांच्या टाकीशेजारच्या फळीवर त्यांच्या खाण्याच्या पुडीचे माझे पाच डबे ओळीनं ठेवलेले असतात. तिनं एकेकाचं झाकण उघडलं, चिमूटभर पूड दोन बोटांत चोळली, हुंगली आणि न विचारता निकाल दिला, ‘‘हा रवा. हा मैदा. आणि ही बघ, ही खरी वस्त्रगाळ. वास मात्र सगळ्यांना सोड्यांचा.’’

वास सोड्यांचा असणारच. त्यात कोळंबीच्या गणगोतातलीच बारकी जनावरं वाळवून दळलेली असतात : क्रिल, कोपेपॉड. जोडीला रोटिफर, स्पिरुलिना, क्लोरेला, कुठे माशाचं पीठ, कुठे कालवांची अंडी. डब्यांच्या पाठीवर ही यादी मोठ्या दिमाखात छापलेली असते आणि मी कितीतरी दिवस ती पंचांगासारखी वाचत बसायचे. कशात प्रथिनं जास्त, कशात आयोडीन, कुठल्यानं रंग खुलतो. आईनं यादीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिनं आधी कण पाहिला. बाळाला पहिली पेज भरवणारी बाई तेच करते.

टाकी ७५ गॅलनची, म्हणजे जवळजवळ २८० लिटरची. त्यातली सगळी प्रवाळं कलमांवर वाढलेली. इथले छांदिष्ट त्यांना फ्रॅग म्हणतात. एकाच्या टाकीतली फांदी तोडायची, बुटक्या खुंटीवर चिकटवायची, दुसऱ्याला द्यायची. कोकणातल्या माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. भारतात असते तर हा छंद मला करता आला नसता. २००१ पासून तिथे दगडी प्रवाळाच्या साऱ्या जाती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या रांगेत जाऊन बसल्या आहेत. बरंच झालं. आईचं लहानपण रत्नागिरीच्या खडपांत कालवं फोडण्यात गेलं. रत्नागिरी, मालवण, रेडी इथल्या किनाऱ्यांवर जिवंत प्रवाळ असल्याचं कासिम आणि वाफर या शास्त्रज्ञांनी १९७९ साली लिहिलं, तेव्हा तिचं लग्नसुद्धा होऊन गेलं होतं. हे तिला सांगितलं तर ती जरा वेळ गप्प बसली. ‘‘म्हणजे मी ह्यांच्यावरच पाय देऊन चालत होते की काय?’’

मग तिनं विचारलं, ‘‘पण ह्यांना खायला लागतं?’’

याचं उत्तर सरळ नाही. भल्याभल्यांनी यावर आयुष्यं घातली आहेत. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. दिवसभर उजेडात ते साखर करतं आणि कुळानं खंड भरावा तशी त्यातली बरीचशी घरधन्याच्या हवाली करतं. सी. एम. यंग हे ब्रिटिश शास्त्रज्ञ १९२८-२९ मध्ये आपली तुकडी घेऊन ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर, लो आइल्स नावाच्या बेटांवर, वर्षभर मुक्काम ठोकून होते. प्रवाळं काय खातात हे त्यांनी इतक्या बारकाईनं पाहिलं की शेवटी त्यांनी ठरवूनच टाकलं : हा प्राणी शुद्ध मांसाहारी आहे, शैवालाकडून त्याला अन्न मिळत नाही. पुढे १९५८ साली मस्कॅटिन आणि हँड यांनी प्रवाळाचा चुलतभाऊ असलेल्या समुद्रफुलाला किरणोत्सारी कार्बन देऊन पाहिला आणि शैवालानं केलेला माल यजमानाच्या अंगात उतरतो हे दाखवून दिलं. यंगसाहेबांच्या निकालाचा अर्धा भाग तिथे कोसळला. अर्धा अजून उभा आहे, कारण नुसत्या साखरेवर कुणी अंग धरत नाही. नत्र हवं, फॉस्फरस हवा, आणि हे दोन्ही प्रवाळ रात्री हात पसरून पकडून आणतं. उजेड हा भात. डब्यांतली पूड हे कालवण. आईला मी एवढंच सांगितलं आणि तिला ते पटलं.

आता कालवण कुणाला किती घट्ट, हा प्रश्न. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड. एखाद्या डब्यातली पूड ५० मायक्रॉनच्या आत असते, एखाद्यातली ५०० च्या पुढे. माझ्याकडचं हातोडीच्या टोकांसारख्या शुंडांचं हॅमर कोरल अख्खी मायसिस कोळंबी गिळतं. त्याच्यावर वस्त्रगाळ पूड उडवणं म्हणजे पैलवानाला खडीसाखर. उलट गोनिओपोरा. फुलदाणीसारखं दिसणारं हे प्रवाळ लोकांच्या घरी वर्षा-दोन वर्षांत मरायचं, आणि त्याला कुणी पाळू नये असंच वडीलधारे पाळणारे सांगायचे. पुढे लोकांनी त्याला बारीक पूड द्यायला सुरुवात केली, पाण्यातली मँगनीज-लोहासारखी मूलद्रव्यं सांभाळली, आणि ते जगू लागलं. तोंड केवढं हे कुणीतरी आधी पाहायला हवं होतं, बस. त्याच्या प्रत्येक फुलाला २४ शुंड असतात. आईनं भिंग लावून मोजले. पहिल्यांदा २३ भरले तर ती हटून बसली. दुसऱ्यांदा २४ भरल्यावर म्हणाली, ‘‘एक मागं लपला होता.’’

कण पाहून झाला की मी ती पूड पाण्यात काय करते ते पाहते. खाऱ्या पाण्याच्या पेल्यात चिमूट टाकायची आणि दहा मिनिटं गप्प बसायचं. काही पुडी तेलकट असतात, तवंगासारख्या वर तरंगतात आणि ओव्हरफ्लोच्या फटीतून थेट खालच्या गाळणीच्या टाकीत, सम्पमध्ये, जातात. काही वाळूसारख्या तळ गाठतात. अधांतरी रेंगाळणारी पूड मला आवडते, कारण प्रवाळ उठून जेवायला येत नाही. तरंगणाऱ्या पुडीचा बराच दोष कालवण्यात असतो हे मात्र मला आईनं दाखवलं. मी कपभर पाण्यात पूड भिरकावून चमचा फिरवायचे. तिनं माझ्या हातातून कप काढून घेतला. आधी दोन चमचे टाकीतलंच पाणी, त्यात पूड, बोटानं दाबून दाबून गुठळी मोडायची, घट्ट गंध व्हायला हवं, मग हळूहळू पातळ. कुळथाची पिठी अशीच लावतात. पंधरा वर्षं मी फोनवर विचारून विचारून पिठी करते आहे आणि माझ्या पिठीत गुठळ्या होतात. तेव्हा पाण्यातल्या पाहुण्यांना मी काय वाढलं असेल ते वेगळं सांगायला नको.

पहिल्या वर्षी तर मी त्यांना मारायचंच बाकी ठेवलं होतं. रोज रात्री चमचाभर पूड. शुंड पसरलेले दिसले की वाटायचं, भूक लागली. खरं तर पाण्यात नुसता वास सुटला तरी ती तोंडं उघडतात. प्रोलीन, ग्लुटाथायोन असली दोन-चार रसायनं पुरतात त्याला. मला ते आग्रहाला दिलेला होकार वाटत होता. अजीर्ण प्रवाळाला होत नाही, ते नको असलेलं सोडून देतं. अजीर्ण पाण्याला होतं. फॉस्फेट मोजायच्या नळीतलं पाणी जितकं निळं तितका आकडा मोठा; मला तो ०.०३ ते ०.१ च्या दरम्यान हवा होता, आणि एका रविवारी नळी शाईच्या दौतीसारखी दिसली. ०.४. वाळूवर किरमिजी बुळबुळीत साय धरली, आणि अ‍ॅक्रोपोरा प्रवाळाची निळी फांदी चहाच्या चोथ्याच्या रंगाची झाली. घाबरून मी फॉस्फेट शोषणारे दाणे भरमसाट घातले आणि महिनाभर काहीच वाढलं नाही. आकडा शून्यावर आला. मग तपकिरी, बुडबुडे धरलेली चिकट जाळी सगळीकडे पसरली, डायनोफ्लॅजेलेटची, आणि ती साफ करण्यात अख्खा हिवाळा गेला. आता आठवड्यातून दोनदा, दोन चिमट्या.

‘‘तुला गुटी उगाळून देताना मी वेढे मोजायची,’’ आई म्हणाली. ‘‘मुरडशेंगेचे दोन, हळकुंडाचा एक. चमचे नव्हे.’’

गुटीवरून प्रवाळपिष्टी निघाली. लहानपणी उन्हाळ्यात माझा घोळणा फुटायचा, आणि मग वैद्यांनी दिलेली पुडी यायची : प्रवाळ गुलाबपाण्यात खलून केलेली फिकट गुलाबी पूड, मधातून, बोटानं चाटवलेली. तिला चव नव्हती, फक्त दातांवर कच्‌ वाजायचं. म्हणजे आमच्यात देणंघेणं जुनं आहे. एका उन्हाळ्यात ते पूड होऊन माझ्या पोटात गेलं. आता मी पूड घेऊन त्याच्या दारात उभी.

आणि आईच्या अनामिकेत पोवळं आहेच, मंगळाचं, तांब्यात बसवलेलं, मी जन्मायच्या आधीपासून. हे लाल पोवळं भूमध्य समुद्रातलं. तिथून ते शतकानुशतकं आपल्याकडे येत राहिलं, आणि ते जिवंतपणी काय असतं हे विकणाऱ्यांना माहीत नव्हतं, घालणाऱ्यांनाही. मार्सिली या इटालियन सरदारानं १७०६ साली पोवळ्याची ताजी फांदी समुद्राच्या पाण्यात ठेवली तेव्हा तिच्यावर आठ पाकळ्यांची पांढरी फुलं उमलली, आणि पोवळं हे झाडच, असं सगळ्यांनी मानलं. मार्सेलचा पेसोनेल नावाचा डॉक्टर वीसेक वर्षांनी म्हणाला की ही फुलं नव्हेत, जिवंत प्राणी आहेत. पॅरिसच्या अकादमीत त्याचं म्हणणं रेओम्यूरनं मांडलं, पण त्याचं नाव न घेता. एवढ्या वेडगळ कल्पनेपायी त्या बिचाऱ्याचं हसं नको, म्हणून. या लाल पोवळ्याच्या अंगात शैवाल नसतं. अंधाऱ्या कपारीत ते वाढतं आणि प्रवाहातून वाहत येईल त्यावर जगतं. नुसतं कालवण, भात नाहीच.

माझ्या टाकीत तसं एकच आहे, नारिंगी सन कोरल. नाव सूर्याचं, पण उजेडाशी देणंघेणं नाही. एकेका तोंडाला वेगळं भरवावं लागतं, नाहीतर आठवड्यांत ती तोंडं एकेक करून मिटत जातात. पुडीनं तिचं पोट भरत नाही. पूड म्हणजे तिला आवतण. आधी थोडं पिठाचं पाणी सोडायचं, वीसेक मिनिटांत तोंडं उमलतात, मग प्रत्येकात मायसिसचा एकेक घास.

काल रात्री आई म्हणाली, आज मी भरवते. दिवे मालवले, परतीचा पंप आणि पाण्यातला मळ काढणारा स्किमर बंद केला. तळघरात एकदम इतकी शांतता झाली की वरच्या फ्रिजची घरघर ऐकू आली. मी म्हटलं, ‘‘अंगठी काढ. तांबं ह्यांना विष.’’ तिनं बोटाला साबण लावून ओढून काढली, हात तीनदा नुसत्या पाण्यानं धुतला, अंगठी माझ्या तळहातावर ठेवली आणि लांब पिपेट घेऊन स्टुलावर चढली. लाल विजेरीच्या उजेडात नारिंगी झुबके उमलू लागले. पांढऱ्या पट्ट्याची कोळंबी लगेच हजर. पहिल्याच तोंडात घास पडला तोच ती वर चढली, त्या तोंडात दोन्ही हात घालून तिनं घास ओढून काढला आणि तिथेच बसून खाऊ लागली. ‘‘मेली, ताटातलं ओढते!’’ आई ओरडली. तिनं मला प्लॅस्टिकची चहाची गाळणी आणायला लावली, ती कोळंबीवर पालथी घातली आणि डाव्या हातानं दाबून धरली. मग उजव्या हातानं एकेक. घास ठेवला की थांबायचं. शुंड आत वळतात, कडा जवळ येतात, घास हळूच दिसेनासा होतो. दुसरं. तिसरं.

माझ्या बोटांना पूड लागलेली होती, ती अंगठीला लागली. पोवळं आणि तांब्याच्या कड्यामधल्या फटीत जाऊन बसली. मी नखानं काढायला गेले तर आणखीच आत गेली.

‘‘झालं का गं? पंप लावू?’’

‘‘थांब. मागं एक राहिलंय.’’