लाल दिवा, मग पिवळा

आमच्या गाडीला तापमानाचा काटा नाही. त्याऐवजी दोन दिवे आहेत. सकाळी गाडी सुरू केली की निळा लागतो आणि इंजिन पुरेसं तापलं की विझतो. प्रमाणाबाहेर तापलं तर लाल लागतो. मधल्या सगळ्या प्रवासात डॅशबोर्ड गप्प. त्यामुळे साखरप्याहून आंबा घाट चढताना लाल दिवा लागला तेव्हा आधी कसलीच चाहूल लागली नव्हती. मे महिन्यातली दुपार, एसी चालू, गाडीत आई-अप्पा आणि डिकीत आंब्याच्या पेट्या.

एसी बंद केला, काचा खाली घेतल्या आणि हीटर फुल्ल केला. आई म्हणाली, "अरे, मे महिन्यात हीटर?" पण हीटर म्हणजे इंजिनाचंच गरम पाणी ज्यातून फिरतं असा छोटा रेडिएटर. तो लावला की इंजिनाची थोडी उष्णता आत ओढली जाते. गाडी बाजूला घेण्याजोगी जागा मिळेपर्यंत तेवढाच आधार. आतून गरम झळ यायला हवी होती. आला तो साधा वारा, बाहेर होता तसाच. मी चरकलो. हीटरपर्यंत पोचायला पाणीच उरलं नव्हतं.

"माथा जवळ आलाय, तेवढं चढून घे की," अप्पा म्हणाले. मी ऐकलं नाही. आजच्या बहुतेक इंजिनांचं हेड ॲल्युमिनियमचं असतं. पाण्याविना तापलं की ते वाकतं, हेड गॅस्केट जातं, मग पाणी ऑइलमध्ये उतरतं आणि अख्खं इंजिन खोलावं लागतं. माथा किती का जवळ असेना, लाल दिव्यावर घाट चढायचा नसतो. पुढच्या वळणावर रुंद जागा दिसली, तिथे गाडी थांबवून इंजिन बंद केलं.

बॉनेट उघडलं तर रेडिएटरच्या वरच्या होज पाइपाच्या तोंडाशी, क्लिपेखालून, बारीक वाफ निघत होती. तिथेच हिरवट-पांढरी पापडी धरलेली. म्हणजे गळती जुनी होती. थेंब थेंब जाऊन तिथेच सुकत होता, म्हणून पार्किंगमध्ये कधी डाग दिसला नाही. फडकं धरून पाइप दाबून पाहिला. अजून टणक होता, आत दाब होता.

मागून येणारा एक ट्रक थांबला. ड्रायव्हरने खाली उतरून पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलला ते असं : "सायेब, टोपणाला आत्ता हात लावू नगा. वाफ तोंडावर यील." मग म्हणाला, "आन् पाणी वतायची गडबड करू नगा. गरमात गार पाणी पडलं की हेडला चीर जाती." दोन्ही गोष्टी शंभर टक्के खऱ्या. कूलंट म्हणजे बहुधा इथिलीन ग्लायकॉल आणि पाणी. निम्मं-निम्मं मिश्रण उघड्यावर सुमारे १०७ अंशांना उकळतं. टोपणाने राखलेल्या दाबाखाली १२० अंशांच्याही वर जाईपर्यंत उकळत नाही. गरम असताना टोपण फिरवलं की दाब एकदम उतरतो, आतलं सगळं क्षणात उकळतं आणि समोरच्याच्या अंगावर येतं. अशी भाजलेली माणसं प्रत्येक घाटाने पाहिली असतील.

तासाभराने पाइप मऊ पडला. टोपण जाड फडक्याने थोडं सैल करून, उरलासुरला दाब जाऊ दिला आणि मगच पूर्ण काढलं. ट्रकवाल्या दादांनी क्लिप आवळून दिली, त्यांच्या कॅनमधलं आणि आमच्या बाटल्यांतलं पाणी हळूहळू घातलं. पैसे घ्यायला ते तयार होईनात; आंबे मात्र घेतले. मलकापुरात पाइप आणि क्लिप दोन्ही बदलले आणि संध्याकाळी कोल्हापूर गाठलं.

साधं पाणी घातलेली गाडी तशीच चालवत राहणं बरं नव्हे. आत गंज धरतो, क्षार साठतात. म्हणून पुण्याला परतल्यावर एका गॅरेजमध्ये सगळं फ्लश करून नवीन कूलंट भरून घेतलं. मला न विचारता त्यांनी आणखी एक काम केलं, आणि ते कळायला डिसेंबर उजाडावा लागला.

थंडीत निळा दिवा विझेना. कोथरूडहून निघालो की चांदणी चौक ओलांडून बरंच पुढे जाईपर्यंत तो तसाच. पेट्रोल जास्त जायला लागलं. मग एके दिवशी इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला. तो लुकलुकत नव्हता, स्थिर होता. लुकलुकला तर मिसफायर असतो आणि गाडी लगेच थांबवावी लागते. स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल, तर बेताने गॅरेजपर्यंत जाता येतं. दुसऱ्या एका मिस्त्रींकडे गेलो. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला त्यांनी स्कॅनर लावला. कोड आला पी०१२८ : इंजिन जेवढं तापायला हवं तेवढं तापत नाही. हाउसिंग खोललं तर आत थर्मोस्टॅट वॉल्व्हच नव्हता.

"काढून टाकलाय कुणीतरी. आपल्याकडे लागत नाही म्हणतात," मिस्त्री म्हणाले.

हे "लागत नाही" मी लहानपणापासून ऐकत आलोय. फिआट आणि अॅम्बेसेडर घाटमाथ्यावर बॉनेट उघडून उभ्या असायच्या, त्या काळातला हा उपाय. तेव्हा कार्ब्युरेटर होता. इंजिन जरा गार राहिलं तर पेट्रोल थोडं जास्त जायचं आणि कुणाला पत्ता लागायचा नाही. आता पेट्रोल किती सोडायचं हे कॉम्प्युटर पाण्याचं तापमान बघून ठरवतो. पाणी गार, म्हणजे इंजिन अजून थंड, म्हणून तो पेट्रोल वाढवतच राहतो. जादाचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं, झीज वाढते. थर्मोस्टॅट इंजिनातलं पाणी साधारण ८२ ते ८८ अंशांपर्यंत तापेस्तोवर रेडिएटरकडे जाऊ देत नाही, मग उघडतो. इंजिन त्या उबेसाठीच बांधलेलं असतं. बाहेर नाशिकची थंडी आहे की चंद्रपूरचं ऊन, याने त्यात फरक पडत नाही. ज्याची गाडी आहे त्याला न विचारता असा भाग काढून टाकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण त्याचं बिल वर्ष-दोन वर्षांनी दुसऱ्याच कारणाच्या नावाने येतं.

नवीन थर्मोस्टॅट बसला. मिस्त्रींनी हीटर चालू ठेवून, टोपण उघडं ठेवून, थंड इंजिन सुरू केलं आणि बुडबुडे थांबेपर्यंत आतली हवा बाहेर काढली. हवा अडकली तर कूलंट भरलेला असूनही इंजिन एका जागी तापतं. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना टाकी बघा, असं त्यांनी बजावून सांगितलं. पातळी बोटभर उतरली होती. त्यांनी दिलेल्या त्याच रंगाच्या, त्याच प्रकारच्या कूलंटने ती वरच्या खुणेपर्यंत भरली. निळा दिवा आता चांदणी चौकाच्या अलीकडेच विझतो.