बाळाच्या फोटोत काय ठेवावं?



आजचा विषय जरा वेगळा आहे. बाळाचा फोटो काढताना त्याच्याजवळ कोणत्या वस्तू ठेवाव्यात, हा. फोटोवाले त्यांना 'प्रॉप' म्हणतात. तुम्ही म्हणाल, बाई, याचा आणि शाळेचा काय संबंध? मलाही आधी तसंच वाटायचं. पण माझ्या मुलीच्या फोटोपासून सुरू झालेली ही गोष्ट थेट माझ्या तिसरीच्या वर्गात जाऊन पोचली, म्हणून लिहिते आहे.

आमची चिऊ तीन महिन्यांची होती तेव्हाची गोष्ट. आजकाल सगळेच करतात म्हणून आम्हीही घरी फोटोवाल्याला बोलावलं. तो दोन मोठ्या बॅगा घेऊन आला. त्यात लाकडी बादली, चंद्राच्या आकाराची उशी, मोत्यांचे हेअरबँड, खोटी फुलं, छोटासा पलंगसुद्धा होता. आमच्या पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. त्याने बादलीत कापड घातलं आणि चिऊला त्यात बसवायला सांगितलं. मी तिला धरून होते. तो म्हणाला, "ताई, हात फ्रेममध्ये येतोय, जरा बाजूला घ्या ना, एकच सेकंद." मी हात काढला. चिऊ पुढे झुकली आणि बादली तिच्यासकट कलली. शेजारीच उभ्या असलेल्या सासूबाईंनी झेप घेऊन तिला वरच्या वर पकडलं, म्हणून निभावलं. सासूबाई मला एवढंच म्हणाल्या, "अगं, मान नीट धरत नाही अजून, ती बसेल कशी?"

मी डीएड केलेली बाई. बालविकासाचे टप्पे मी परीक्षेत पाठ करून लिहिलेत. साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बाळ पालथं घातल्यावर मान वर उचलू लागतं, सहाव्याच्या आसपास आधाराने बसतं, आठव्या-नवव्यात रांगतं. हे सगळं मला येत होतं. पण फोटोच्या नादात एक सेकंद सगळं विसरले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

ही हौस आजची नाही

नंतर मी या विषयावर थोडं वाचलं. बाळाला सजवून फोटो काढायची हौस फोटोग्राफीइतकीच जुनी आहे. १८३९ साली पॅरिसमध्ये दागेरच्या छायाचित्रणाची घोषणा झाली आणि १८५४ मध्ये आपल्या मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झालीसुद्धा. राजा दीनदयाळ यांनी १८९६ मध्ये मुंबईत स्टुडिओ काढला. त्या काळात एका फोटोला बराच वेळ लागायचा आणि बाळ काही स्थिर बसत नाही. मग इंग्लंड-अमेरिकेत एक युक्ती करत. आई स्वतः खुर्चीसारखी बसायची, तिच्या अंगावर पडद्यासारखं कापड टाकायचे आणि तिच्या मांडीवर बाळ. असे फोटो आज पाहिले की कापडाखाली आईचा आकार दिसतो. म्हणजे पहिला प्रॉप खरं तर आईच होती, आणि तिचा हात बाळावरून निघत नव्हता.

आत्ताची टोपलीतली, फुलांतली बाळं लोकप्रिय झाली त्यात अ‍ॅन गेडिस या ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या छायाचित्रकार बाईंचा मोठा वाटा आहे. त्यांचं 'डाउन इन द गार्डन' हे पुस्तक १९९६ साली आलं. पण एक गोष्ट पालकांना माहीत नसते. हनुवटीखाली दोन्ही हात ठेवून बेडकासारखं बसलेलं नवजात बाळ तुम्ही फोटोत पाहिलं असेल. तो बहुतेक वेळा एक फोटो नसतो. एकदा डोकं धरून आणि एकदा हात धरून असे दोन फोटो काढतात आणि नंतर संगणकावर जोडून धरणाऱ्याचे हात पुसून टाकतात. आपण घरी मोबाईलवर तशी नक्कल करायला गेलो तर काय होईल, याचा विचार करा.

मी केलेले नियम

बादलीच्या प्रसंगानंतर मी स्वतःसाठी काही नियम केले. ते इथे देते.

१. वस्तू बाळाच्या वयाला जुळणारी हवी. मान न धरणाऱ्या बाळाला फक्त आडवं झोपवायचं, तेही जमिनीवर, गोधडीवर. बसतं करायचं ते स्वतः बसायला लागल्यावरच. टोपली, बादली, खुर्ची, स्टूल हे त्याआधी नाहीच. टोपली वापरलीच तर तळाला वजन ठेवायचं आणि एक मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं. हात फोटोत आला तर येऊ दे.

२. तोंडात जाईल असं काही नको. खेळण्यांच्या तपासणीत एक छोटं नळकांडं वापरतात, त्याचा व्यास साधारण ३.२ सेंटिमीटर असतो. त्यात मावेल ती वस्तू लहान बाळासाठी धोक्याची. जुन्या फोटोच्या रिळाची काळी डबी साधारण त्याच मापाची असते. आमच्याकडे एक सापडली, ती मी मापाला ठेवली आहे. मणी, मोती, बटणं, थर्माकोलचे गोळे सगळे त्यात बसतात. फुगाही नकोच, कारण फुटलेल्या फुग्याचा तुकडा घशात बसला की काढणं कठीण जातं.

३. गळ्यात दोरा, रिबीन, घट्ट हेअरबँड नको. घातलंच तर फोटोपुरतं, लगेच काढायचं.

४. खेळणं असेल तर त्यावर आयएसआय चिन्ह बघायचं. १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात खेळण्यांना ते सक्तीचं आहे.

५. वस्तू एक किंवा दोनच. आधी बाळाच्या डोळ्यांकडे नजर गेली पाहिजे. मोठ्या चित्रांची, चकचकीत कापडं मी बंद केली. साधी सुती साडी, फिकट दुपटं पुरतं.

६. उजेड घरचाच. आमचं चारकोप ऐंशीच्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने वसलं. आखून दिलेल्या छोट्या प्लॉटवर लोकांनी आपापली घरं बांधली, आणि घरांच्या मध्ये सामाईक अंगण ठेवलं. घरात उजेड कमी, पण सकाळी नऊ-दहाला त्या अंगणातल्या सावलीत इतका छान मऊ उजेड असतो की फ्लॅश लागत नाही. खाली चटई, वर गोधडी, आणि मोबाईल बाळाच्या डोळ्यांच्या उंचीवर. त्यासाठी आपल्याला जमिनीवर पालथं पडावं लागतं. शेजारच्या काकू हसतात. हसू द्या.

घरातलीच वस्तू

मग वस्तू कोणती? मी मालाडच्या नटराज मार्केटमध्ये फिरून आले, ऑनलाइन पाहिलं. शेवटी सासूबाईंनी माळ्यावरून बांबूचं सूप काढून दिलं. काही घरांत पाचवीला बाळाला सुपात ठेवायची रीत आहे, आमच्याकडेही आहे. मी ते पुसून घेतलं, कडेच्या टोचणाऱ्या काड्या कापल्या आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला चिऊला त्याच सुपाशेजारी ठेवून फोटो काढला. सुरुवातीला ती सुपापुढे एवढीशी दिसायची. नंतर पाय बाहेर, मग सूप हातात, आणि वाढदिवसाला सूप डोक्यावर! वाढ म्हणजे काय ते सांगायला आकड्यांची गरजच नाही. दर वेळी नवी वस्तू घेतली असती तर हे दिसलंच नसतं.

बोरन्हाणाचंही सांगते, कारण आपल्याकडे बाळाचे सगळ्यात जास्त फोटो तेव्हाच निघतात. संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत काळं झबलं, हलव्याचे दागिने, आणि डोक्यावरून चुरमुरे, बोरं, उसाचे करवे, हरभरे. दृश्य फार गोड असतं. पण हलव्याचा दाणा, बोराची बी, हरभरा, चुरमुरे हे सगळं त्या काळ्या डबीत मावतं. आम्ही दागिने दादरहून आणले. मुकुट आणि बाजूबंद घातले, हार मात्र गळ्यात न घालता झबल्यावर टाचून घेतला, तोही पिन न वापरता दोन टाके घालून. फोटो पाच मिनिटांत उरकले, मग लगेच दागिने काढले आणि जमिनीवर सांडलेलं सगळं झाडून घेतलं. आसपासची मोठी मुलं बोरं गोळा करतात तेव्हा बाळाला कडेवर घ्यायचं. आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या घशात काही अडकलंच तर तोंडात बोट घालून चाचपडायचं नाही. त्याला हातावर पालथं, डोकं खाली करून, पाठीवर दोन खांद्यांच्या मध्ये पाच थापा आणि मग उताणं करून छातीच्या मध्यावर पाच दाब, असं आलटून पालटून करायचं, आणि तोवर दुसऱ्याने १०८ ला फोन. हे घरातल्या प्रत्येकाला शिकवून ठेवा.

आणि आता वर्गात

मागच्या वर्षी तिसरीला 'कुटुंब' शिकवताना मी गृहपाठ दिला, "उद्या प्रत्येकाने आपला लहानपणीचा एक फोटो आणा." मला वाटलं, सोपा आणि आनंदाचा उपक्रम. दुसऱ्या दिवशी मुलं फोटो घेऊन आली. कोणी केकसोबत, कोणी कृष्णाच्या वेशात, कोणी स्टुडिओतल्या चंद्रावर. एक मुलगा मात्र दप्तरात डोकं घालून बसला होता. विचारलं तर म्हणाला, "विसरलो." तिसऱ्या दिवशीही विसरला. संध्याकाळी गेटवर त्याची आई भेटली. म्हणाल्या, "बाई, फोटो होते हो. पण मोबाईल ट्रेनमध्ये चोरीला गेला. सगळे त्यातच होते. तो रोज विचारतो, मी लहानपणी कसा दिसायचो."

मला काय बोलावं सुचेना. कारण हे माझ्या घरात घडलेलं आहे. २६ जुलै २००५ ला मुंबईत जो पाऊस झाला, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर, त्यात पोईसर नदीजवळच्या आमच्या तळमजल्याच्या घरात पाणी शिरलं. माझ्या बाळपणीचे सगळे अल्बम चिखल झाले. मी कशी दिसायचे ते मलाही माहीत नाही. माझ्याकडे आहे फक्त एक टोपडं. आई गावी गेली होती तेव्हा ते आजीच्या ट्रंकेत राहिलं होतं, म्हणून वाचलं.

ज्या बाईकडे स्वतःचा फोटो नाही, तिनेच फोटो आणायला सांगावं! दुसऱ्या दिवशी मी गृहपाठ बदलला. "फोटो किंवा तुमच्या बाळपणीची एक वस्तू आणा. घरी विचारा, ती कोणी दिली, कशासाठी होती." आणि मी स्वतः माझं टोपडं घेऊन गेले.

तो मुलगा एक लोकरीची टोपी घेऊन आला. त्याच्या आजीने गावी विणलेली, पिवळी, गोंडा तुटलेली. त्याने ती डोक्यावर घालून बघितली, जाईना. मग मुठीवर घातली, ती बरोबर बसली. सगळा वर्ग हसला. तो मूठ वर करून म्हणाला, "मी एवढा होतो!" त्यानंतर ती टोपी मधल्या सुट्टीपर्यंत वर्गभर फिरली. प्रत्येकाला आपली मूठ घालून बघायची होती.

त्याच दिवशी मी गणितही घेतलं. जन्मतः बाळ साधारण ५० सेंटिमीटर लांब असतं, वर्षभरात साधारण ७५ होतं. वजन साधारण ३ किलोवरून वर्षाला तिप्पट. मुलांनी फळ्याखाली खडूने ५० आणि ७५ च्या रेघा मारल्या आणि शेजारी उभं राहून स्वतःची उंची मोजली. चिऊचे सुपाबरोबरचे फोटो मी छापून नेले होते, तारखा न लिहिता. मुलांनी सूप बघून ते अचूक क्रमाने लावले.

तेव्हा पालकहो, प्रॉप विकत आणण्याआधी माळ्यावर बघा. आजीची गोधडी, सूप, पाळण्यावरचं चिमणाळं, बाबांची शाळेची पाटी, काहीही चालेल, फक्त वर दिलेल्या नियमांतून गाळून घ्या. फोटो झाल्यावर वस्तू जपून ठेवा. आणि फोटो मोबाईलमध्येच ठेवू नका. वर्षातून निदान दहा छापून घ्या, एक संच गावी किंवा मामाकडे द्या. एका घरातला गेला तरी दुसऱ्या घरात राहील. त्या मुलाच्या आईला मी हेच सांगितलं. त्यांनी नंतर नातेवाइकांकडे विचारलं, तेव्हा एका लग्नाच्या अल्बममध्ये कोणाच्या तरी कडेवर तो सापडला. फोटोत पिवळी टोपी स्पष्ट दिसते.

वर्गासाठी उपक्रम (इयत्ता तिसरी-चौथी)

१. बाळपणीचा फोटो किंवा वस्तू आणा. दोन्ही नसेल तर घरच्यांनी सांगितलेली आठवण चालेल.
२. त्या वस्तूबद्दल पाच वाक्ये लिहा.
३. वस्तू आज तुम्हाला कुठे बसते ते करून दाखवा.
४. घरातल्या सर्वांत जुन्या फोटोमागे तारीख आणि नावे घरच्यांना विचारून पेन्सिलीने लिहा.

उपक्रम करून पाहा आणि मुलांनी काय काय आणलं ते नक्की कळवा.