शेवटची ओव्हर

प्रसूतिकक्षात निवांतपणा मिळालाच तर तो दोन कळांच्या मधला. दुपारी तीनच्या सुमारास आमच्या ग्रामीण रुग्णालयाला गुंगी येते. ओपीडीची खिडकी बंद झालेली असते, व्हरांड्यात नातेवाईक चटया टाकून आडवे झालेले असतात, लिंबाखाली एखादी सासू डब्यातली भाकरी मोडत बसलेली असते. आत मात्र टेबलावरची पहिलटकरीण दात आवळून माझा हात धरून असते. फिनेल आणि स्पिरिटचा वास अंगात मुरलेला असतो. समोर भिंतीवर घड्याळ. बाळाच्या जन्माची वेळ त्यावरूनच कागदावर चढते आणि पुढे घरोघरी त्याच वेळेवर पत्रिका मांडल्या जातात, म्हणून वॉर्डातले मामा त्याचा सेल कधी संपू देत नाहीत.

या खोलीत मी इतक्या बायकांना ‘अजून थोडं, झालंच’ म्हटलं आहे की ते शब्द माझे राहिलेच नाहीत. आठवा लागल्यावर रजेवर जायची वेळ आली तेव्हा कळलं, की आता ते मला कुणीतरी दुसरं म्हणणार.

शेवटच्या दिवशी ओव्हर, म्हणजे पाळीचा ताबा, घ्यायला आमच्यातली सगळ्यात नवी सिस्टर आली. तीन नंबरचं पाणी गेलंय, ठोके चांगले आहेत, सात सेंटिमीटर. पाच नंबरचं रक्त कमी आहे, नातेवाइकांना रक्ताचं सांगून ठेवलंय. रजिस्टरमध्ये आहे ते सगळं सांगून झालं, तरी माझे पाय निघेनात. मग रजिस्टरमध्ये नसलेलं सांगत बसले. वॉर्मर तापायला वेळ घेतो, डोकं दिसायची वाट बघू नकोस, आधीच चालू कर. ऑक्सिटोसिन काढलं की उरलेलं लगेच फ्रीजमध्ये ठेव, ट्रेमध्ये विसरू नकोस. बाळ रडलं नाही तर पहिलं मिनिट तुझं, तेवढ्या वेळात कुणाला हाका मारत बसू नकोस, आधी पुस, चोळ. ती मान हलवत होती. हे सगळं तिला शिकवलेलं होतं आणि ते मलाही माहीत होतं. पण हाताखालची जागा दुसऱ्याच्या हाती देताना माणूस बोलत राहतो.

ड्युटी रूममध्ये सगळ्या जमल्या होत्या. इन्चार्ज सिस्टरनी हिरवा खण आणला होता, मामांनी कुठून तरी अबोलीचा गजरा. औषधांच्या कपाटासमोरच्या स्टुलावर मला बसवलं. तांदूळ, नारळ, हळकुंड, खारीक, सगळं रीतसर ओटीत पडलं. दोन झाकलेल्या वाट्या पुढे आल्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. मी उचललेल्या वाटीत बर्फी निघाली आणि मुलगी होणार म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मुलगी झाली हे ऐकून तोंड फिरवणारे नातेवाईक प्रसूतिकक्षाबाहेर पाहिलेल्या बायकांच्या त्या टाळ्या होत्या. मला त्यांचं फार मोल वाटलं.

रजेच्या काळात माझ्या जागी कुणी येणार नव्हतं. माझ्या नाइट याच चौघींमध्ये वाटल्या जाणार होत्या. घरी लहान मुलं असलेल्या, शिरा सुजलेले पाय घेऊन उभं राहणाऱ्या बायका माझ्या सहा महिन्यांचा भार उचलणार होत्या आणि वर माझीच ओटी भरत होत्या. इन्चार्ज सिस्टर एवढंच म्हणाल्या, “तू आता झोपून घे गं. नंतर झोप मिळायची नाही.”

सफाईच्या मावशी दाराशीच उभ्या होत्या. आत बोलावलं तेव्हा हात पदराला पुसत आल्या, ओटीत मूठभर तांदूळ घातले आणि म्हणाल्या, “सिस्टर, सव्वा महिना पाण्यात हात घालू नका. मी घातला, अजून सांधे धरतात.” त्या ठेकेदाराकडे होत्या. बाळंत झाल्यावर रजा मागितली तर पटावरून नाव जाईल, म्हणून महिना व्हायच्या आत याच फरशीवर पोछा घेऊन आल्या होत्या. त्याच फरशीवर, त्याच कामाच्या जागी मला 180 दिवस पगारी रजा होती. ओटीतले त्यांचे तांदूळ मला जड झाले.

रजा नसलेल्या मावशी एकट्या नाहीत. आमच्या भागात ऊसतोडीला बीडकडच्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आगाऊ पैशांची उचल दोघांच्या नावावर. बायको बसली की कोयता मोडतो. फडातून थेट आमच्या टेबलावर आलेल्या बाया मी पाहिल्या आहेत. त्यांना निरोप द्यायला कोण असतं? जोडीदारीण दुसऱ्या दिवशीची मोळी बांधायला गेलेली असते.

बाळंतपणाच्या पगारी रजेचा हक्क आपल्याकडे काही काल-परवाचा नाही. 1928 मध्ये मुंबईच्या विधिमंडळात बाळंतपणाच्या रजेचं विधेयक आलं तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला होता. 1929 मध्ये मुंबई प्रांतात कारखान्यातल्या बायकांसाठी तो कायदा झाला. 1961 मध्ये देशाचा कायदा आला, 2017 मध्ये बारा आठवड्यांचे सव्वीस झाले. हजेरीपटावरच्या रोजंदार बायकांनाही हा लाभ द्यावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्येच सांगितलं आहे. गिरणीतल्या बायकांपासून निघालेली ही वाट मावशींच्या पोछ्यापर्यंत पोचायला एवढा वेळ लागावा, हे मला मान्य नाही.

मी पुन्हा कामावर गेले तेव्हा नव्या सिस्टरने वॉर्मर आधीच चालू ठेवला होता. मावशींचा ठेकेदार बदलला होता, अटी त्याच होत्या.

तुमच्याही कार्यालयात कुणाच्या डोहाळजेवणाची वर्गणी निघेल. ती जरूर द्या. आणि त्याच दिवशी आस्थापना विभागात जाऊन विचारा, की आपली फरशी पुसणाऱ्या बाईला बाळंतपणाची पगारी रजा आहे का, आणि ती कुठल्या कागदावर लिहिली आहे.