मैना वसईला राहत होती

आमच्या आईला सिनेमाचे वेड होते असे काही म्हणता येणार नाही. वाडीतली भाजी, केळीचे लोंगर, दोन म्हशी आणि घरातली नऊ माणसे, यांतून वेड लावून घ्यायला तिला सवड कुठली! पण लग्नाआधी माहेरी असताना तिने तंबूतल्या खेळात ‘माणूस’ पाहिला होता, आणि तो एक सिनेमा तिने जन्मभर पुरवला. भाजीच्या जुड्या बांधताना ती मैनेचे गाणे गुणगुणायची. त्यात चारपाच भाषांची कडवी आहेत. आईला मराठी सोडून एकही भाषा येत नव्हती, तरी ती सगळी कडवी म्हणायची आणि मध्येच हसायची.

‘माणूस’ प्रभातचा, १९३९ सालचा, शांतारामबापूंचा. मैना कोठीवर नाचणारी बाई. गणपत नावाचा पोलीस शिपाई तिला धाडीतून वाचवतो आणि लग्न करून घरी न्यायचे म्हणतो. पण त्याच्या देवभोळ्या आईच्या घरात पाऊल टाकायला मैनेचा जीव धजत नाही. ही मैना शांता हुबळीकरांनी केली, गणपत शाहू मोडकांनी. आईला ती आईच्या घराजवळची जागा फार लागलेली असावी, कारण सिनेमाची गोष्ट सांगताना ती नेहमी तिथे थांबायची आणि मग “पुढचं काही खरं नाही” म्हणून उठायची.

शांताबाई मूळच्या हुबळीकडच्या, १९१४ सालच्या. घरचे नाव राजम्मा. आईबाप लहानपणीच गेले. मग नाटक कंपनी, तिथून कोल्हापूर, भालजी पेंढारकरांच्या हाताखाली ‘कान्होपात्रा’, आणि पुढे पुण्याला प्रभातमध्ये ‘माझा मुलगा’ व ‘माणूस’. मातृभाषा कानडी असलेल्या या बाईने अख्ख्या महाराष्ट्राला आपले गाणे म्हणायला लावले.

आता मला खरे सांगायचे आहे ते पुढेच. शांताबाई १९९२ च्या जुलैत पुण्यात वारल्या. त्यानंतर बऱ्याच दिवसांनी एका जुन्या वर्तमानपत्रात मी त्यांच्यावरचा लेख वाचला. त्यात होते की उतारवयात त्या काही वर्षे वसईच्या श्रद्धानंद महिलाश्रमात राहत होत्या. वसईला! जिथे आमची आई आठवड्यातून तीन दिवस पहाटेची एस.टी. पकडून भाजीची पाटी घेऊन बसायची, त्या वसईला.

मी तो कागद घेऊन आईकडे गेलो. तेव्हा ती थकली होती, बाजार सोडला होता. दोनदा वाचून दाखवायला लावले. मग म्हणाली, “मी एक पडवळ तरी नेऊन दिलं असतं रे.” एवढेच. त्या दिवशी ती जेवली नाही. मला तिचा थोडा रागच आला, परक्या बाईसाठी एवढे काय म्हणून. आता वाटते, परकी नव्हती.

कलावंतांची अशी अखेर आपण खूप ऐकतो. सात मोटारी बाळगणारे भगवानदादा २००२ साली दादरच्या चाळीत गेले. त्याच वर्षी नारायणगावच्या विठाबाई गेल्या. राष्ट्रपतींच्या हातून पदक घेतलेली, पोटुशी असताना फडावर नाचलेली, पडद्याआड बाळंत होऊन पुन्हा उभी राहिलेली बाई शेवटी औषधपाण्याला मोताद झाली. आता सरकार त्यांच्या नावाने तमाशा कलावंतांना पुरस्कार देते. चांगलेच आहे, पण विठाबाईंना त्याचा काय उपयोग! शांताबाईंनी मात्र एक काम केले. १९९० साली आपले चरित्र स्वतः सांगून ठेवले, ‘कशाला उद्याची बात’ या नावाने.

वाचकहो, हे सगळे आज का आठवले, तर आमच्या घरात आत्या आहे. वडिलांची धाकटी बहीण, वय वर्षे शहाऐंशी. नवरा तरुणपणीच गेला, मूलबाळ नाही. आत्या आमच्या पंचक्रोशीची धवलारीण. लग्नात हळदीपासून वरात परत येईपर्यंत कोणत्या विधीला कोणता धवला म्हणायचा, हे तिला विचारल्याशिवाय पान हलत नसे. भटजी घाई करू लागले तर ती त्यांनाही थांबवायची. मानधन काय, तर नारळ, शेरभर तांदूळ आणि एक लुगडे. पुढे बँड आला, मग तो मोठ्या कर्ण्यांचा धिंगाणा आला. आत्याला आवतण यायचे, पण जेवणाचे.

२००९ साली महापालिका झाली आणि आमच्याकडे जमिनीचे भाव असे काही चढले की भावाभावांत बोलणे राहिले नाही. अर्धी वाडी गेली. केळी गेली, पानवेल गेली, सुकेळी घालायचे मांडव गेले. उरलेल्या तुकड्यात मी भाजी करतो. मुलगा विरारला तिसऱ्या मजल्यावर राहतो. गुडघ्यांमुळे आत्याला तिथे चढवत नाही. माझ्या पत्नीच्या पाठीचे ऑपरेशन झाले, तिला आत्याला उचलवत नाही. मुलगा वाईट नाही. त्याने हिशोब मांडून दाखवला आणि म्हणाला, “बाबा, चांगला आश्रम बघू. तिथं नर्स असते.”

मी बघून आलो. जागा स्वच्छ होती, डाळभात गरम होता, तिथल्या बाई बोलायला चांगल्या होत्या. नाव ठेवायला जागा नव्हती. व्हरांड्यात एक आजी बसल्या होत्या. त्यांनी माझी पिशवी बघून विचारले, “वाडीवाले काय? काय आणलंत?” माझ्या पिशवीत छत्री आणि कागद होते. मला काही उत्तर सुचले नाही.

या आजी पूर्वी कोण होत्या, हे मी तिथल्या बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, “फॉर्मवर तो रकाना नसतो.”

फॉर्म मी घेऊन आलो आहे. नाव, वय, आजार, जबाबदार नातेवाईक. एवढे भरले, सही राहिली आहे. आत्याला आम्ही अजून सांगितलेले नाही, पण तिला कळले असणार. परवा रात्री तिने आपणहून विचारले, “धाकटीचं लग्न ठरलं की मला न्याल ना? मांडव मुहूर्ताचा धवला कोणाला येत नाही.”

काल नातीला बोलावून घेतले. एक वही आणली, दोनशे पानी. आत्या सांगते, ती लिहिते. मध्ये आत्या विसरते, मग डोळे मिटून पहिल्यापासून म्हणते, म्हणजे विसरलेली ओळ आपोआप येते. पहिल्या दिवशी हळदीचे तीन झाले. रविवारी मुलगा येणार आहे. फॉर्म त्याच वहीत ठेवला आहे, दुसरी जागा सापडली नाही.