गाईला सुट्टी

मागच्या महिन्यात आई चौसाळ्याहून पुण्याला आली होती. ती आली की पिशवीत दोन गोष्टी ठरलेल्या. ज्वारीचं पीठ आणि कुंथलगिरीचे पेढे. आल्या आल्या तिने पेढ्यांचा पुडा नातीपुढे धरला आणि लेकीने हात मागे घेतला.

"आजी, मी दूध सोडलंय."

आईला वाटलं पोरीने काही नवस बोललाय. मग मी समजावत बसलो. दूध नाही, दही नाही, तूप नाही, मधसुद्धा नाही. याला व्हेगन म्हणतात, हा शब्द इंग्लंडात 1944 साली डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्या मित्रमंडळींनी काढला वगैरे वगैरे. (मला ही माहिती तोंडपाठ आहे, कारण वर्षभर घरात याच विषयावर भांडण चाललंय!) त्यातच एकदा मी लेकीला बोलून गेलो होतो, "ज्या दुधावर तुझा बाप शिकला, त्याला नावं ठेवतेस?" तेव्हापासून आमचं बोलणं जेवढ्यास तेवढं.

तर रविवारी लेक म्हणाली, "आजी, चल, तुला आमच्याकडचा केक खायला घालते." मी ड्रायव्हर म्हणून गेलो.

दुकान छोटंसं, पण भारी मजेशीर. दारावर खडूने लिहिलेलं, "आज गाईला सुट्टी. उद्यासुद्धा." भिंतीवर डबक्यात निवांत डुंबणारी म्हैस काढलेली. आमच्या टेबलावर एक मातीची कुंडी आणून ठेवली, वर पुदिन्याचं रोप. आई म्हणाली, "झाड कशाला आणलं?" लेकीने चमचा खुपसला तर माती म्हणजे चॉकलेटचा चुरा आणि खाली केक! आई लहान मुलीसारखी हसली. ओटच्या दुधाची कॉफी तिला "पेजंवानी" लागली, पण तिने संपवली.

मग आला पांढऱ्याशुभ्र फेसाचा एक गोळा, तोंडात टाकला की विरघळणारा. अंडं नाही, साय नाही, मग हे काय? काउंटरवरच्या मुलाने सांगितलं, काबुली चणे शिजवलेलं पाणी साखर घालून घुसळलंय. या पाण्याचा असा फेस होतो, हे 2014 च्या सुमारास एका फ्रेंच गायकाने शोधलं म्हणे.

"म्हंजी कट!" आई म्हणाली. "आरं, त्याची आमटी करायची सोडून साखर घातली व्हय?" तो मुलगाही हसायला लागला.

हे सगळं छान चाललं होतं. आई भिंतीवरच्या म्हशीकडे बघत होती. मधेच म्हणाली, "आपल्या चंद्रीचं रेडकू मेलं तवा ती दूधच देईना. मग तुझ्या आजोबानं त्या रेडकाच्या कातड्यात भुस्सा भरला अन् तिच्या म्होरं ठिवलं. ती त्याला चाटायची अन् पान्हा सोडायची. मी खाली बसून धार काढायची. तिच्या डोळ्याकडं बघत नव्हते मी."

लेक गप्प. मीही गप्प. गोठ्याच्या कोपऱ्यातलं ते भुश्श्याचं रेडकू मला आठवलं. रात्री तिकडे जायची भीती वाटायची. ते तिथे कशासाठी आहे, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

आमच्याकडे दूध घरात राहत नसे. सगळं खव्याच्या भट्टीवर जायचं. साधारण पाच लिटर म्हशीचं दूध आटवलं की किलोभर खवा. दारात म्हैस आणि आम्हा पोरांना मात्र गुळाचा कोरा चहा. त्या पैशांतून माझी औरंगाबादची (आताचं छत्रपती संभाजीनगर) वसतिगृहाची फी गेली. म्हणजे बालपणी मीही जवळजवळ व्हेगनच होतो की, फक्त नाइलाजाने!

मला वाटलं, आता लेक म्हणणार, "बघा बाबा, मी हेच सांगत होते." ती तसं काही बोलली नाही. तिने आजीचा हात धरला आणि विचारलं, "मग तू का काढलंस दूध?"

"लेकरं शिकवायची व्हती," आई म्हणाली. "तवा म्हशीला फसवलं. ही पोरं माणसाला फसवतेत, कुंडीत केक घालून. हे बरंय."

वर्षभर मी आणि लेक जे मांडू शकलो नाही, ते तिने इतक्यात मांडलं. आईने ना स्वतःला माफ केलं ना दोष दिला. मी मात्र त्या दुधाचं श्रेय घेत फिरत होतो. धार तिने काढली होती आणि पान्हा चंद्रीचा होता.

घरी येताना गाडीत मी लेकीला सॉरी म्हणालो. ती खिडकीबाहेर बघत "ठीक आहे बाबा" म्हणाली. तेवढं पुरे होतं.

पेढ्यांचं काय झालं विचाराल, तर ते मीच खाल्ले. घशाखाली उतरले नाहीत असं लिहायला बरं दिसेल, पण उतरले. मी काही बदललो नाही. फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी आजी-नात गुळाचा कोरा चहा घेऊन गॅलरीत बसल्या होत्या, तेव्हा मीही माझा कप घेऊन त्यांच्यात जाऊन बसलो. दूध न घालता. चव अगदी तीच होती, चौसाळ्याची.