ताई, रविवारी रंकाळ्यावर ये

प्रिय ताई,

गेले चार महिने दर रविवारी सकाळी मी चित्रकलेच्या वर्गाला जाते आहे. तुला कळवायचा धीर होत नव्हता. आपल्या घरात खरा हात तुझा. एलिमेंटरी, इंटरमिजिएट, दोन्हींत ए ग्रेड. पुढे तुला आर्ट टीचर डिप्लोमा करायचा होता. लग्न ठरलं आणि रंगपेटी माळ्यावर गेली. तुझ्या जागेवर मी बसले आहे, असं वाटत राहायचं.

पहिले दोन महिने नुसती पेन्सिल. सरांनी पितळी तांब्या समोर ठेवला आणि म्हणाले, तांब्या काढू नका, त्याच्या भोवतीची मोकळी जागा काढा. हात ताठ धरून, एक डोळा मिटून पेन्सिलीवर मापं घ्यायची. तसला तांब्या मी जन्मभर घासत आले, पण त्याची मान इतकी आखूड असते हे त्या दिवशी दिसलं. माझ्या शेजारी गॅरेज चालवणारे एक काका बसतात. काळ्या पडलेल्या बोटांनी ते इतकी हलकी रेघ ओढतात की बघत राहावं.

आता जलरंग चालू आहेत. यात पांढरा रंग लावायचा नाही. उजेड हवा तिथे कागद कोरा सोडायचा. फिक्याकडून गडदाकडे जायचं, कारण एकदा गडद झालेलं उजळणं फार अवघड. हे समजावताना सरांनी सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचं चित्र दाखवलं. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. हातात समई घेतलेली बाई, ज्योतीला आडवा धरलेला दुसरा हात आणि बोटांतून झिरपणारा उजेड. सगळं जलरंगात. समोर उभी होती ती त्यांची मुलगी, गीता.

मला तू दिसलीस. दिवेलागणीला तुळशीपाशी निरांजन नेताना वाऱ्याला असाच हात धरायचीस.

ताई, तुझा हात गेलेला नाही. नातवाच्या वहीत तू काढलेला बैल मी दिवाळीत पाहिला. चार रेघांत त्याचं वशिंड उभं होतं. मला ते अजून जमत नाही.

पुढच्या रविवारी वर्ग रंकाळ्यावर भरणार आहे. आबालाल रहिमान ज्या तळ्याची चित्रं काढत, तेच तळं. सरांना विचारलंय, पाहुणं माणूस चालतं. शनिवारी मुक्कामाला ये. पहाटे निघू. तुझ्यासाठी बोर्ड आणि कागद आणून ठेवलाय.

तुझी,
धाकटी